हॅस्केलमध्ये मराठी मजकूर: बाइटपासून अक्षरापर्यंत

जीएचसीआयमध्ये, म्हणजे हॅस्केलच्या संवादी कवचात, लेंग्थ या फंक्शनला "मराठी" हा शब्द दिला की उत्तर ५ येते. रिव्हर्सला दिला की "ीठारम" असे काहीतरी मिळते, ज्यात दीर्घ वेलांटी बिचारी एकटीच पुढे उभी असते आणि र चा काना ठ ला चिकटलेला असतो. इझ-अल्फा लावून फिल्टर केला तर "मरठ" एवढेच उरते. यापैकी एकही गोष्ट हॅस्केलचा दोष नाही, कारण तिन्ही फंक्शने आपापल्या व्याख्येप्रमाणेच वागत आहेत. मात्र ती व्याख्या युनिकोडच्या कोडपॉइंटची, म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकाची, आहे आणि आपल्या डोक्यात असते ते अक्षर. नावांच्या याद्या, पत्ते, शोध, अनुक्रमणिका अशा कामांत मराठी मजकूर हॅस्केलमधून नेताना जे प्रश्न वारंवार येतात ते ज्या क्रमाने सोडवावेत, त्याच क्रमाने पुढे मांडले आहेत. फंक्शने, मॉड्यूल आणि पॅकेजे यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. वाचकाला हॅस्केलचे मूलभूत ज्ञान आहे असे गृहीत धरले आहे.

पहिली पायरी: मजकूर सुखरूप आत आणि बाहेर नेणे

जीएचसी (हॅस्केलचा कंपाइलर) स्रोत फाइल नेहमी यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहिण्याची पद्धत) समजूनच वाचते, त्यामुळे प्रोग्रॅममध्ये मराठी स्ट्रिंग थेट लिहायला अडचण नसते. अडचण येते ती प्रोग्रॅम चालू असताना, कारण प्रिल्यूडमधील रीडफाइल, पुट-एसटीआर-एलएन आणि त्यांचे भाऊबंद यंत्राच्या लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषेच्या सेटिंगप्रमाणे, एन्कोडिंग ठरवतात. स्वतःच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम डॉकर कंटेनरमध्ये किंवा क्रॉनमधून चालवला की पहिल्याच मराठी ओळीवर 'अवैध बाइट क्रम' किंवा 'अवैध कॅरेक्टर' अशा अर्थाची तक्रार करून बंद पडतो, याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते की तेथे लँग हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ठरवलेला नसतो आणि लोकेल मूळच्या पॉझिक्सवर राहिलेला असतो. तात्पुरता उपाय म्हणून त्या व्हेरिएबलला 'सी.यूटीएफ-८' ही किंमत देता येते. तरीही प्रोग्रॅमची शुद्धता बाहेरच्या सेटिंगवर सोपवू नये असे मला वाटते. मेनच्या पहिल्या ओळीत जीएचसी.आयओ.एन्कोडिंग मॉड्यूलमधील सेट-लोकेल-एन्कोडिंग वापरून यूटीएफ-८ ठरवून टाकावे. प्रोग्रॅम सुरू होताना उघडेच असलेल्या स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एरर या तीन हँडलांसाठी एच-सेट-एन्कोडिंग वेगळे द्यावे.

फाइलींसाठी याहून चांगला मार्ग असा, की फाइल बाइटस्ट्रिंग म्हणून वाचावी आणि डेटा.टेक्स्ट.एन्कोडिंगमधील डीकोड-यूटीएफ८-प्राइम या फंक्शनने तिचे टेक्स्टमध्ये रूपांतर करावे. हे फंक्शन ईदर परत देते, त्यामुळे खराब फाइल आली तर अपवाद फेकला न जाता लेफ्ट हाती येतो आणि त्याचे काय करायचे हे आपण ठरवू शकतो. प्राइम नसलेले भावंड शुद्ध कोडमधून अपवाद फेकते, आणि हॅस्केलच्या आळशी मूल्यमापनामुळे तो अपवाद फाइल वाचली त्या जागी न फुटता भलत्याच ठिकाणी फुटू शकतो. टेक्स्ट पॅकेजची २.१ किंवा पुढची आवृत्ती वापरत असल्यास डेटा.टेक्स्ट.आयओ.यूटीएफ८ हे मॉड्यूल लोकेलकडे न पाहता थेट यूटीएफ-८ वाचते आणि लिहिते, हेही ध्यानात असू द्यावे.

एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या आरंभी ६५२७९ क्रमांकाचा एक अदृश्य कोडपॉइंट असतो. तो काढला नाही तर पहिल्या स्तंभाचे नाव "नाव" असे दिसते, पण "नाव" या स्ट्रिंगशी तुलना केल्यावर फॉल्स येते. डीकोड झाल्यावर स्ट्रिप-प्रीफिक्सने तो काढून टाकावा.

जुन्या कार्यालयीन फाइली हा निराळा प्रकार आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर बाइटांच्या पातळीवर मराठी नसतोच. तो इंग्रजी कळफलकावरची चिन्हे असतो आणि फॉन्टमुळे मराठी दिसतो. त्याला कोणतेही डीकोडर उपयोगी नाही. त्या त्या फॉन्टचा तक्ता घेऊन आधी रूपांतर करावे आणि मगच येथील पायऱ्यांकडे यावे.

बाइटस्ट्रिंगचा सापळा

ओव्हरलोडेड-स्ट्रिंग्ज हे एक्स्टेन्शन आता जवळजवळ सगळेच वापरतात. त्यामुळे अवतरणचिन्हांतील मजकूर टाइपप्रमाणे स्ट्रिंग, टेक्स्ट किंवा बाइटस्ट्रिंग होतो. यातला बाइटस्ट्रिंगचा रस्ता मराठीसाठी घातक आहे, कारण तेथे प्रत्येक कॅरेक्टरचे खालचे ८ बिट ठेवून बाकीचे मुकाट्याने टाकून दिले जातात. देवनागरीचा विभाग २३०४ ते २४३१ असा आहे आणि २३०४ ही संख्या २५६ ने नेमकी भागली जाते, त्यामुळे प्रत्येक देवनागरी चिन्ह ० ते १२७ मधल्या एखाद्या जुन्या आस्की चिन्हावर जाऊन पडते. "मराठी" हा शब्द बाइटस्ट्रिंग म्हणून लिहिला की तो असा होतो:

.0> @

कंपाइलर तक्रार करत नाही, चालताना चूक दाखवली जात नाही, आणि वेबवरच्या उत्तरात किंवा डेटाबेसमध्ये ही टिंबे आणि चिन्हे जाऊन बसतात. असा कचरा दिसला की डेटा.बाइटस्ट्रिंग.चार८ मधील पॅक किंवा बाइटस्ट्रिंग टाइपचे एखादे लिटरल कोठे आहे ते शोधावे आणि त्या जागी टेक्स्ट घेऊन एन्कोड-यूटीएफ८ लावावे.

याच्या उलट प्रिंटमुळे दिसणारा प्रकार निरुपद्रवी असतो. प्रिंट हे शो वापरते आणि शो आस्कीबाहेरचे प्रत्येक कॅरेक्टर दशमान क्रमांकात लिहिते, म्हणून "मराठी" छापल्यावर "\2350\2352\2366\2336\2368" दिसते. मजकूर शाबूत असतो. पुट-एसटीआर-एलएनने छापला की तो नीट दिसतो. नवशिक्यांचा बराच वेळ हा फरक न कळल्यामुळे नसलेली चूक शोधण्यात जातो.

स्ट्रिंग की टेक्स्ट

मराठीसाठी हा प्रश्न इंग्रजीपेक्षा अधिक निकडीचा आहे. स्ट्रिंग म्हणजे कॅरेक्टरांची जोडयादी. ६४ बिटांच्या यंत्रावर तिच्या प्रत्येक दुव्याला २४ बाइट लागतात. इंग्रजी कॅरेक्टरांच्या बाबतीत हिशेब साधारण तेथेच थांबतो, कारण पहिल्या २५६ कॅरेक्टरांच्या तयार प्रती जीएचसी सामाईक वापरते. देवनागरी कॅरेक्टर त्या २५६ मध्ये येत नाही, म्हणून पूर्ण तयार झालेल्या यादीत त्याच्या स्वतःच्या डबीचे आणखी १६ बाइट धरावे लागतात. म्हणजे एका कोडपॉइंटला ४० बाइट झाले. दहा लाख कोडपॉइंटांची फाइल स्ट्रिंग म्हणून पूर्ण धरून ठेवली तर सुमारे चार कोटी बाइट लागतात, आणि कचरा गोळा करताना होणारी नक्कल वेगळीच.

टेक्स्टमध्ये हाच मजकूर तीस लाख बाइटांत मावतो. टेक्स्टच्या पहिल्या पिढीत आतले रूप यूटीएफ-१६ होते, त्यात देवनागरी कोडपॉइंटला २ बाइट लागत. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने आतले रूप यूटीएफ-८ केले, ज्यात ३ बाइट लागतात. आपल्या लिपीपुरता मेमरीचा हिशेब थोडा महागला हे खरे आहे, पण फाइली आणि नेटवर्क यूटीएफ-८ मध्येच बोलत असल्याने डीकोड करणे आता बहुतांशी तपासणी आणि नक्कल एवढेच राहिले आहे. मला तो सौदा फायद्याचा वाटतो. मात्र टेक्स्टचे लेंग्थ आणि इंडेक्स ही दोन्ही फंक्शने मजकुराच्या लांबीइतका वेळ घेतात, म्हणून लूपमध्ये इंडेक्सने पुढे सरकणारा कोड तेथे चालवू नये.

दुसरी पायरी: सारखे दिसणारे सारखे करणे

मजकूर आत आला तरी दोन सारखे दिसणारे शब्द समान असतीलच असे नाही. "दुसऱ्या" या शब्दाचे उदाहरण घेऊ. काही कळफलक त्यातला ऱ २३५३ हा एकच कोडपॉइंट म्हणून लिहितात. काही ठिकाणी र पुढे २३६४ क्रमांकाचा नुक्ता येतो. तिसऱ्या पद्धतीत साधा र, त्याचा पाय मोडणारे चिन्ह आणि त्यानंतर ८२०५ क्रमांकाचा अदृश्य झीरो विड्थ जॉइनर असतो. पडद्यावर तिन्ही एकसारखे दिसतात, पण लेंग्थ पहिल्याची ७ आणि बाकी दोघांची ८ सांगते. यांपैकी पहिली दोन रूपे युनिकोडच्या दृष्टीने समतुल्य आहेत, म्हणून युनिकोड-ट्रान्सफॉर्म्स या पॅकेजमधील नॉर्मलाइझ फंक्शन एनएफसी (समतुल्य रूपे शक्य तेथे एकत्रित कोडपॉइंटात आणणाऱ्या) या प्रकाराने लावले की दोन्ही एकच होतात. तिसरे रूप नॉर्मलायझेशनच्या कक्षेत येत नाही, ते स्वतःच्या नियमाने बदलावे लागते.

ॲ या स्वराचेही असेच आहे. युनिकोडमध्ये तो २००८ साली ५.१ आवृत्तीत २४१८ क्रमांकावर आला. त्यापूर्वीच्या आणि काही अंशी नंतरच्याही मजकुरात तो अ अधिक चंद्र, म्हणजे २३०९ आणि २३७३, असा दोन कोडपॉइंटांत लिहिलेला सापडतो. ही दोन रूपे समतुल्य मानलेली नाहीत, त्यामुळे "ॲप" शोधणाऱ्याला "अॅप" सापडत नाही. विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविराम टंकण्याची सवय तर इतकी रुजली आहे की "दु:ख" हा शब्द विरामचिन्हांवर तोडणारा कोड त्याचे "दु" आणि "ख" असे दोन शब्द करून मोकळा होतो.

येथे साठवायचा मजकूर आणि शोधाची किल्ली (फक्त तुलनेसाठी काढलेले त्याचे रूप) या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे. साठवताना केवळ एनएफसी करावे. लेखकाने लिहिलेला अपूर्णविराम विसर्ग समजून कायमचा बदलणे योग्य नाही, कारण वेळेनंतर किंवा शीर्षकानंतर तो खरोखरच अपूर्णविराम असू शकतो. किल्ली तयार करताना मात्र मोकळेपणाने नियम लावावेत. तेव्हा नियमांच्या क्रमाकडे लक्ष द्यावे लागते. अदृश्य जॉइनर काढून टाकणे हा किल्लीचा एक स्वाभाविक नियम आहे, पण तो आधी लावला तर तिसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या "दऱ्या" शब्दाचा "दर्या" होतो आणि डोंगरातल्या दऱ्या समुद्रात बुडतात. म्हणून आधी र, मोडलेला पाय आणि जॉइनर या तिकडीच्या जागी ऱ आणि मोडलेला पाय आणावा, आणि नंतरच उरलेले जॉइनर काढावेत. फंक्शने टिंबाने जोडताना उजवीकडचे आधी चालते, हे लिहिताना ठाऊक असते पण महिन्याभराने नवा नियम घालताना हमखास निसटते. अशा साखळीसाठी कंट्रोल.कॅटेगरीमधील डावीकडून उजवीकडे जोडणारे '>>>' हे चिन्ह वाचायला सुरक्षित पडते.

किल्लीसाठी स्वतंत्र न्यूटाइप करावा आणि त्याचा कन्स्ट्रक्टर मॉड्यूलबाहेर देऊ नये. मग कच्चा टेक्स्ट चुकून शोधाच्या मॅपमध्ये घालणे कंपाइलरच अडवतो. या न्यूटाइपला इझ-स्ट्रिंगचा इन्स्टन्स द्यायचा असल्यास तो नियम लावणाऱ्या फंक्शनमधूनच जाईल असा हाताने लिहावा. आपोआप डिराइव्ह केलेला इन्स्टन्स कोडमधील लिटरले नियमांना वळसा घालून आत सोडतो.

तिसरी पायरी: अक्षरे मोजणे आणि तोडणे

"स्त्री" या शब्दात सहा कोडपॉइंट आणि अठरा बाइट आहेत, आपण त्याला एकच अक्षर म्हणतो. टेक्स्टच्या टेकने त्यातले पहिले दोन घेतले तर "स्" एवढा तुकडा हाती येतो. लघुसंदेशाची मर्यादा, यादीतील संक्षिप्त नाव, शब्दकोड्यातील चौकोन अशा सगळ्या ठिकाणी अक्षरसमूहांत तोडणे आवश्यक असते.

युनिकोडच्या अक्षरसमूहाच्या नियमांत २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे एकत्र ठेवणारा नियम आणला. त्याआधीच्या नियमांवर बेतलेली लायब्ररी "स्त्री" चे तीन तुकडे करू शकते. म्हणून टेक्स्ट-आयसीयू हे पॅकेज वापरताना आपल्या आयसीयूचे (युनिकोडची कामे करणाऱ्या लायब्ररीचे) वर्तन या एका शब्दावर आधी तपासून घ्यावे. शिवाय हे पॅकेज सी मधील आयसीयू लायब्ररीवर उभे असल्याने ती, तिच्या हेडर फाइली आणि पीकेजी-कॉन्फिग यंत्रावर असावे लागतात. मॅकवर होमब्रूने बसवलेली आयसीयू आपोआप सापडत नाही, तिचा मार्ग सांगावा लागतो. तयार झालेला प्रोग्रॅम ज्या सर्व्हरवर न्यायचा तेथे आयसीयूची आवृत्ती वेगळी निघाली तर तो सुरूच होत नाही.

निव्वळ मराठी मजकूर असेल तर एवढा खटाटोप करण्याची गरज नाही, कारण नियम छोटा आहे आणि शेजारच्या दोन कोडपॉइंटांकडे पाहूनच ठरतो. पहिला कोडपॉइंट डावा आणि दुसरा उजवा मानल्यास, उजवा पुढील दोन परिस्थितींत डाव्याला चिकटतो: एक, उजवा स्वतः मात्रा, अनुस्वार, विसर्ग, पाय मोडण्याचे चिन्ह अशा प्रकारचा असेल, म्हणजे डेटा.चारमधील इझ-मार्क त्यावर ट्रू देत असेल, किंवा तो जॉइनर अथवा ८२०४ क्रमांकाचा नॉन-जॉइनर असेल. दोन, डावा पाय मोडण्याचे चिन्ह, म्हणजे २३८१, किंवा जॉइनर असेल आणि उजव्यावर इझ-अल्फा ट्रू देत असेल. बाकी सर्व ठिकाणी नवे अक्षर सुरू होते. नॉन-जॉइनरनंतर येणारे व्यंजन या नियमाने आपोआप सुटे होते.

हा नियम कोडमध्ये आणताना पहिला मोह ग्रुप-बायचा होतो आणि तेथेच फसगत होते. ग्रुप-बाय शेजारच्या दोन घटकांची तुलना करत नाही, गटातील पहिल्या घटकाशी तुलना करते. "स्त्री" मध्ये त ची तुलना त्याच्या आधीच्या मोडलेल्या पायाशी व्हायला हवी, ती स शी होते आणि गट तुटतो. त्याऐवजी फोल्ड-आर वापरावा. उजवीकडून येताना हातात आधीच तयार झालेल्या गटांची यादी असते. चालू कोडपॉइंट हा डावा आणि यादीतील पहिल्या गटाचा पहिला कोडपॉइंट हा उजवा. नियम लागू झाला तर चालू कोडपॉइंट त्या गटाच्या पुढे जोडावा, अन्यथा त्याचा एकट्याचा नवा गट यादीच्या आरंभी ठेवावा. सारा कोड सात-आठ ओळींचा होतो. "मराठी" चे म, रा, ठी असे तीन गट मिळतात, आणि गटांची यादी उलटवून जोडली की "ठीराम" हे वाचता येण्याजोगे उत्तर येते.

अंकांचे थोडक्यात: इझ-डिजिट "५" वर फॉल्स देते, इझ-नंबर ट्रू देते, आणि रीड-मेबी "१२५" वर नथिंग देते. २४०६ ते २४१५ मधील प्रत्येक कोडपॉइंटातून २३५८ वजा केले की आस्की अंक मिळतो. तो बदल आधी करून मग नेहमीचे पार्सर चालवावेत.

चौथी पायरी: क्रम लावणे

टेक्स्टचा ऑर्ड इन्स्टन्स कोडपॉइंटच्या क्रमाने चालतो आणि तो क्रम मराठी वर्णमालेचा नाही. ळ चा क्रमांक २३५५, म्हणजे तो ल आणि व यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. क्ष आणि ज्ञ यांना स्वतंत्र कोडपॉइंटच नाहीत, त्यामुळे ते क आणि ज मध्ये विरघळतात. सर्वांत विचित्र अवस्था ॲ ची होते: २४१८ हा क्रमांक ह च्या आणि देवनागरी अंकांच्याही पुढचा असल्याने "ॲसिड" हा शब्द अनुक्रमणिकेत "हौद" नंतर जाऊन बसतो, जेथे तो शोधायला कोणी जाणार नाही.

युनिकोड-कोलेशन हे पॅकेज शुद्ध हॅस्केलमध्ये आहे, पॅनडॉकचे कर्ते जॉन मॅकफार्लेन यांनी ते लिहिले आहे आणि आयसीयूचे ओझे नको असेल तेव्हा मी प्रथम त्याचाच विचार करतो. मराठीचा भाषाटॅग देऊन क्रम ठरवणारा कोलेटर घ्यावा आणि ळ, क्ष, ज्ञ, ॲ यांनी सुरू होणारे चार शब्द त्यातून नेऊन क्रम हवा तसा येतो का ते पाहावे. प्रकाशकाला किंवा कार्यालयाला स्वतःचाच क्रम हवा असेल, आणि तसा तो बहुधा हवा असतो, तर अक्षरसमूहावरून वजनांची यादी देणारे फंक्शन लिहावे आणि सॉर्ट-ऑनला द्यावे. सॉर्ट-ऑन प्रत्येक शब्दाची किल्ली एकदाच काढते. सॉर्ट-बायला कम्पेअरिंग दिले तर तीच किल्ली प्रत्येक तुलनेत पुन्हा काढली जाते.

न्यूटाइपला स्वतःचा ऑर्ड देताना मात्र वजने सारखी आलेले दोन भिन्न शब्द समान ठरणार नाहीत याची काळजी घ्यावी, अन्यथा डेटा.मॅपमध्ये एकाची नोंद दुसऱ्यावर लिहिली जाते. ऑर्डरिंग हा मोनॉइड असल्याने उपाय एका ओळीचा आहे: वजनांच्या तुलनेपुढे '<>' लावून मूळ टेक्स्टची तुलना जोडावी. वजने बरोबरीची निघाली तरच दुसरी तुलना निर्णय देते.

तपासणी

या सर्व फंक्शनांचे गुणधर्म क्विकचेकने, म्हणजे यादृच्छिक नमुने देऊन चाचणी घेणाऱ्या लायब्ररीने, तपासण्याजोगे आहेत. अक्षरसमूह पुन्हा जोडले की मूळ मजकूर मिळाला पाहिजे. किल्ली काढणारे फंक्शन दोनदा लावल्याने एकदा लावल्यापेक्षा वेगळे काही निघता कामा नये. क्रम संक्रमक असला पाहिजे. परंतु क्विकचेकचा मूळचा कॅरेक्टर जनरेटर देवनागरीकडे क्वचितच फिरकतो, त्यामुळे शंभर चाचण्या उत्तीर्ण होऊनही काहीच तपासले गेलेले नसते. स्वतःचा जनरेटर २३०४ ते २४३१ या विभागातून निवड करणारा असावा आणि त्यात २३८१, ८२०४, ८२०५ आणि मोकळी जागा यांना फ्रीक्वेन्सीने अधिक वजन द्यावे. असा जनरेटर लावल्यावर किल्लीचा दुसरा गुणधर्म पहिल्या फटक्यात मोडण्याची शक्यता बरीच असते: र, मोडलेला पाय, नॉन-जॉइनर आणि जॉइनर असा क्रम आला, की पहिल्या फेरीत तिकडी सलग नसल्यामुळे ओळखली जात नाही, आणि किल्ली फक्त नॉन-जॉइनर काढून जॉइनर ठेवत असेल तर दुसऱ्या फेरीत उत्तर बदलू शकते. दोन्ही अदृश्य चिन्हे एकाच नियमात काढली की हा दोष जातो.